बीपी कोणत्या हाताचं?

वाचक विचारतात : ताकायासू आर्टरायटिस आणि गरोदरपण

ताकायासू आर्टरायटिस म्हणजे महाधमनी आणि तिच्यापासून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांना येणारी सूज. ती बराच काळ राहिली की धमनी अरुंद होते, कधी पूर्ण बंद पडते, तर कधी फुगते. मनगटावर नाडी लागेनाशी होते, म्हणून याला ‘नाडी हरवण्याचा आजार’ असंही म्हणतात. जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची विचित्र जुळणी नोंदवली, त्यावरून हे नाव पडलं. आजार दुर्मीळ आहे, पण तो गाठतो बहुतेक करून चाळिशीच्या आतल्या बायकांना. म्हणूनच या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं बाळंतपणाविषयी आहेत. प्रसूतितज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय २७, पाचवा महिना चालू आहे. चार वर्षांपूर्वी ताकायासूचं निदान झालं. डाव्या हाताची नाडी लागत नाही. दवाखान्यात सिस्टर डाव्या हाताचं बीपी घेतात, ते ९६/६० येतं आणि ‘अगदी छान आहे’ म्हणतात. घरी उजव्या हाताचं घेतलं तर १४८/९४. खरं कुठलं मानायचं? (भांडुप)

जे जास्त येतं तेच खरं, आणि ते आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

डाव्या हाताकडे जाणारी धमनी अरुंद झाल्यामुळे तिथे रक्त कमी दाबाने पोहोचतं. मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि वार यांच्यापर्यंत मात्र महाधमनीतला खरा दाब पोहोचतो आणि तो १४८ आहे. ताकायासूच्या गरोदरपणात गफलत सर्वांत जास्त होते ती इथेच. आजार गरोदरपणात भडकण्याचं प्रमाण तसं कमी असतं. आईला आणि बाळाला त्रास होतो तो वाढलेल्या आणि चुकीच्या हातावर मोजल्यामुळे लपून राहिलेल्या बीपीचा. भारतात या आजारात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या बऱ्याचदा सापडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की ते आपल्या बाजूने बीपी आणखी वाढवत नेतं.

पहिल्याच भेटीत दोन्ही हात आणि दोन्ही पाय अशा चारही ठिकाणचं बीपी मोजून घ्या. दोन हातांतला वरचा आकडा १० पेक्षा जास्त फरकाने वेगळा येत असेल तर तो फरक आजाराचा आहे असं धरून चालायचं. ज्या हातावर सर्वांत जास्त आकडा येतो तोच हात नऊ महिने वापरायचा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा : ‘बीपी फक्त उजव्या हाताचं घ्यावं. डाव्या हाताची धमनी अरुंद आहे.’ ड्यूटीवरची सिस्टर बदलते, रात्रीचे डॉक्टर बदलतात, पण पहिलं पान सगळे बघतात.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पावलं जमिनीवर सपाट, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवर नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. रोज सकाळ-संध्याकाळ. नाडी मंद असेल तर डिजिटल मशीन ‘एरर’ दाखवतं किंवा मनाला येईल तो आकडा देतं. म्हणून घरचं मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या हाताने घेतलेल्या बीपीशी पडताळून घ्या.

काही जणींच्या दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतात. त्यांचं बीपी पायाचं घ्यावं लागतं. मांडीसाठी वेगळा मोठा पट्टा लागतो; दंडाचा पट्टा मांडीवर ओढून-ताणून बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. दुसरी चूक म्हणजे खुर्चीवर बसवून पाय लोंबता ठेवून मोजणं. पट्टा हृदयाच्या खाली प्रत्येक १० सेंटिमीटरला बीपी साधारण ८ ने वाढतं, म्हणजे लोंबत्या पायावर चाळीस-पन्नासचा फरक सहज पडतो. आडवं होऊनच मोजायचं, आणि पाचव्या महिन्यानंतर उजव्या नितंबाखाली उशी ठेवून. सपाट उताणं झोपलं की गर्भपिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतं. आडवं असताना निरोगी माणसातही पायाचं वरचं बीपी हातापेक्षा १० ते २० ने जास्त असतं, हे वाचताना ध्यानात ठेवा. पोटातली महाधमनीही अरुंद असेल तर पायाचा आकडाही फसवा ठरतो. अशा बाईचं महाधमनीतलं खरं बीपी आधीच्या अँजिओग्राफीत मोजलेलं असेल तर तो अहवाल सोन्यासारखा जपा.

आता तुमच्या १४८/९४ विषयी. गरोदरपणात १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे उपचार हवेत. लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या लगेच करायला सांगितल्या जातील. लॅबेटालॉल (बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे गरजेनुसार वाढवून) किंवा हळूहळू विरघळणारी निफेडिपिन सुरू होईल. दमा असेल तर तो आधी सांगा, कारण लॅबेटालॉल चालत नाही. निफेडिपिनची ती गोळी चावू किंवा तोडू नका. बीपी फार खाली आणणंही बरं नाही. मानेतल्या किंवा मूत्रपिंडाच्या अरुंद धमन्यांमधून आणि वारेतून रक्त पुढे जायला पुरेसा दाब लागतोच. खरा आकडा वरचा ११० ते १४० आणि खालचा ८५ च्या आसपास राहिला की ठीक. १६०/११० झालं तर ती इमर्जन्सी समजा. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं झाली, आता मूल हवं आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू आहे. काय बंद करू आणि कधी? (काळाचौकी)

स्वतःहून काहीच बंद करू नका. पण मूल हवं असल्याचं डॉक्टरांना आजच सांगा, कारण यातल्या तीन गोळ्या बदलाव्या लागतील.

आजार दाबून ठेवणारी मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. ती दिवस राहण्याच्या एक ते तीन महिने आधी थांबवतात आणि तिच्या जागी बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन देतात, वजनाच्या किलोमागे रोज २ मिलिग्रॅमपर्यंत. नव्या औषधावर आजार शांत राहतो की नाही हे बघायला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर गरोदरपणात आजार उसळला की मग मोठ्या डोसची स्टिरॉइड्स. मायकोफेनोलेट घेणाऱ्या बायकांनी ते किमान सहा आठवडे आधी थांबवायचं असतं आणि सायक्लोफॉस्फमाइड तीन महिने आधी. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात, गर्भजल कमी करतात. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्वास्टॅटिन गरोदरपणात सहसा थांबवतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५ मिलिग्रॅम चालू ठेवायला हरकत नाही. मेथोट्रेक्सेट घेतलेल्या बाईला फॉलिक अ‍ॅसिड बहुधा ५ मिलिग्रॅमचं देतात.

गोळ्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे आजार किमान सहा महिने शांत हवा. महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांची एमआर अँजिओग्राफी, टू-डी इको, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि डोळ्यांचा पडदा हे सगळं आत्ताच बघून घ्या. दिवस गेल्यावर सीटी अँजिओग्राफी किंवा पेट स्कॅन टाळतात, आणि एमआरआय केलाच तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन न देता. मूत्रपिंडाची धमनी फार अरुंद असून त्यामुळेच बीपी ताब्यात येत नसेल, तर फुगा घालून ती रुंद करण्याचं काम गरोदरपणाच्या आधी, आजार शांत असताना व्हायला हवं. महाधमनी फुगलेली असेल किंवा हृदयाच्या झडपेतून मोठी गळती असेल, तर हृदयतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका. अशा वेळी ‘मूल होऊ देऊ नये’ असंही उत्तर येऊ शकतं. ते ऐकायला जड जातं, तरी कळायचं ते आधीच कळलेलं बरं.

प्रश्न : पत्नी मेथोट्रेक्सेट घेत असतानाच दिवस गेले, सहावा आठवडा आहे. शेजारचे डॉक्टर म्हणतात लगेच पिशवी साफ करा. (नालासोपारा)

मेथोट्रेक्सेट आजपासून बंद, फॉलिक अ‍ॅसिड सुरू, आणि या दोन दिवसांत प्रसूतितज्ज्ञ व संधिवाततज्ज्ञ दोघांनाही भेटा. गर्भपाताचा आणि बाळात व्यंग असण्याचा धोका वाढतो हे खरं. पण आठवड्यातून एकदा घ्यायच्या या डोसवर प्रत्येक बाळात दोष असतोच असं नाही. ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी अनुभवी गर्भतज्ज्ञाकडून करून घ्या. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय पत्नीचा आहे. तो तिने पुरती माहिती घेऊन करावा, भीतीपोटी एका दिवसात नाही.

प्रश्न : सहाव्या महिन्यात ईएसआर ६२ आला. आजार उलटला का? (डोंबिवली)

नुसत्या ईएसआरवरून (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीवरून) तसं म्हणता येणार नाही. गरोदरपणात रक्तातले काही घटक वाढतात आणि हिमोग्लोबिन उतरतं, त्यामुळे निरोगी बाईचाही ईएसआर चढतो. सीआरपी ही सुजेची दुसरी रक्ततपासणी त्यामानाने जास्त उपयोगी. पण खरी खूण लक्षणांत असते. नवा ताप, मानेच्या धमनीवर दाबल्यावर दुखणं, केस विंचरताना किंवा कपडे पिळताना हात भरून येणं, आधी लागणारी नाडी मंद होणं, दोन हातांच्या बीपीतला फरक वाढणं. यातलं काही असेल तर मानेच्या आणि हातांच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी होते. तिने बाळाला काही होत नाही.

क्रिएटिनिनचं मात्र नेमकं उलटं आहे. गरोदरपणात ते उतरतं, म्हणून एरवी ‘नॉर्मल’ छापून येणारं ०.९ किंवा १.० इथे काळजीचं असू शकतं. लॅबच्या रिपोर्टवरची नेहमीची मर्यादा पाहून निश्चिंत होऊ नका.

प्रश्न : माझी सून स्टिरॉइड घेते. बाळावर परिणाम होईल म्हणून मी तिला गोळी बंद करायला सांगितलं, पण ती ऐकत नाही. (विक्रोळी)

काकू, सूनबाईंचं बरोबर आहे. बरेच दिवस प्रेडनिसोलोन घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावतं. गोळी अचानक थांबवली तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. बाळाची काळजी म्हणाल तर वार स्वतःच प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग निकामी करते, बाळापर्यंत सुमारे दहावा हिस्सा पोहोचतो. म्हणून तर गरोदरपणात हेच स्टिरॉइड निवडतात.

यातून एक गैरसमज होतो, तो सांगायला हवा. बाळ वेळेआधी जन्माला येण्याची चिन्हं दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं १२-१२ तासांनी, किंवा बीटामेथासोनची १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने देतात. ‘ती आधीच स्टिरॉइड घेते, मग इंजेक्शन कशाला’ असं म्हणून ती चुकवू नका. ही औषधं वारेतून पार होतात, प्रेडनिसोलोन फारसं होत नाही.

स्टिरॉइडने साखर वाढते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत हवीच. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह.

प्रश्न : मुलगी परळला राहते, तिला हा आजार आहे. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्यात रत्नागिरीजवळ आमच्या गावी आणायचा विचार आहे. घरचं औषधपाणी काय करू? (वाचक आई)

या वेळी तुम्हीच तिच्याकडे जा. डोहाळजेवण मुंबईत करा, लाड तिथेच करा. सातव्या महिन्यापासून पुढेच बीपी चढतं, बाळाची वाढ मंदावते, आणि त्या वेळी प्रसूतितज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छपराखाली लागतो. तुमची मुलगी परळलाच राहते ही मोठी सोय आहे. तिथलं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे सगळे विभाग आहेत. नाव आधीच नोंदवा.

झोपताना अ‍ॅस्पिरिन १२ व्या आठवड्यापासून, बहुधा ७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळून १५०, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर उपयोग जास्त. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. लोहाची गोळी त्याच्याबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. बाळाच्या वाढीची सोनोग्राफी २६-२८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, आणि वाढ मागे पडली तर डॉपलरसह त्याहून लवकर.

घरच्या औषधांतलं एक नक्की टाळा : खोकल्यासाठीचं ज्येष्ठमध आणि ते असलेले काढे. ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. लोणचं, पापड, सुकी मासळी यांचं मीठही आवरा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तिला चालू देऊ नका. स्टिरॉइड आणि अ‍ॅझाथायोप्रिनमुळे प्रतिकारशक्ती कमी असते आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. चालावं लागलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. नेहमीची डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, दुसरं औषध देतात.

डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, धाप, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, छातीत किंवा पाठीत काहीतरी फाटल्यासारखी कळ. यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, टॅक्सी किंवा १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन निघा.

प्रश्न : नॉर्मल होईल की सिझेरियन? (गिरगाव)

केवळ ताकायासू आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. बीपी ताब्यात असेल आणि बाळ वाढत असेल तर ३७ ते ३९ आठवड्यांदरम्यान प्रसूती ठरवतात, आणि खालूनच होऊ देणं सहसा जास्त सुरक्षित. महाधमनी फुगलेली असणं, बीपी आवाक्याबाहेर जाणं किंवा बाळाचा त्रास ही सिझेरियनची कारणं.

कळा सुरू झाल्या की वेदनेबरोबर बीपी चढतं, म्हणून पाठीतून एपिड्यूरल (वेदना कमी करणारं औषध) लवकर दिलेलं चांगलं. मात्र औषध थोडं-थोडं सोडायचं. एकदम दिलं आणि बीपी खाली आलं तर अरुंद धमन्यांतून मेंदूला रक्त कमी पडतं. शेवटी जोर लावायचा वेळ व्हॅक्युम किंवा चिमटा लावून कमी करतात. बाळ आल्यावर रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन सावकाश चढवतात. मिथाइलअर्गोमेट्रिन मात्र द्यायचं नाही; त्याने बीपी एकदम उसळतं. अनेक ठिकाणी ते सवयीने दिलं जातं, म्हणून फाइलच्या त्याच पहिल्या पानावर लाल अक्षरांत हेही लिहून ठेवा. पूर्ण भूल द्यावी लागली तर मान जास्त मागे वाकवू नये, हेही भूलतज्ज्ञाला माहीत हवं. त्यांची भेट ३४ व्या आठवड्यापर्यंत व्हायला हवी, कळा सुरू झाल्यावर नव्हे. बरेच दिवस रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन चालू असेल तर प्रसूतीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनची गरज आहे का, तेही तेव्हाच ठरवून घ्या.

प्रश्न : बाळाला हा आजार होईल का? सातव्या महिन्यापर्यंत इन्फ्लिक्सिमॅब हे आजार दाबणारं इंजेक्शन घेतलं आहे. (मुलुंड)

आजार वारेतून बाळाकडे जात नाही, आणि तो साध्या आनुवंशिक आजारासारखा पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही.

इन्फ्लिक्सिमॅब मात्र वारेतून जातं आणि जन्मानंतर काही महिने बाळाच्या रक्तात राहतं. आपल्याकडे जन्मल्यावर लगेच बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ देतात, सहाव्या आठवड्याला रोटाव्हायरस. या तिन्हींत जिवंत जंतू असतात, आणि या औषधाचा अंश अंगात असलेल्या बाळाला बीसीजीने गंभीर संसर्ग होऊ शकतो. बालरोगतज्ज्ञांना प्रसूतीआधीच सांगा. अशी लस सहा महिने ते वर्षभर लांबवतात. बाकीच्या, जिवंत जंतू नसलेल्या लशी वेळेवर. आईने फक्त अ‍ॅझाथायोप्रिन आणि थोडं प्रेडनिसोलोन घेतलं असेल तर बीसीजी थांबवायची गरज नसते.

प्रश्न : बाळंतपण झालं, बाळ छान आहे. आता बीपीच्या गोळ्या थांबवू का? (वरळी)

अजून नाही. प्रसूतीनंतर बीपी सर्वांत जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर. पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भपिशवीतलं रक्त परत हृदयाकडे येतं. आडवं झाल्यावर धाप लागली तर फुप्फुसात पाणी साचलेलं असू शकतं. त्याच हातावर बीपी मोजणं किमान सहा आठवडे चालू ठेवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅकने बीपी आणि मूत्रपिंड दोन्हींना त्रास होऊ शकतो. अंगावर पाजताना लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल, अ‍ॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन चालतात. प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर गोळीनंतर चार तासांनी पाजा. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट पाजेपर्यंत नको.

पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी बीपी आणि गुठळीचा धोका वाढतो. तांबी चालते. घरी जाण्यापूर्वी संधिवाततज्ज्ञाची सहा आठवड्यांनंतरची तारीख घेऊन ठेवा. गरोदरपणात न करता आलेली एमआर अँजिओग्राफी तेव्हा होईल, आणि त्या दिवशी चारही हातापायांचं बीपी पुन्हा मोजून घ्या.